एकाच सोसायटीचे दोन सर्वे, दोन वेगळी उत्तरं. नक्की चुकलं कोण?

घोडबंदर_सी_विंग

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा, गेले आठ दिवस माझं डोकं यातच अडकलंय.

आमचं कॉम्प्लेक्स घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. ७ टॉवर, ८४० फ्लॅट. मागच्या भिंतीला लागून एक मोकळा तुकडा आहे, संध्याकाळी मुलं तिथे क्रिकेट खेळतात. आता गाड्या इतक्या वाढल्यात की तिथे पार्किंग करूया असं एका गटाचं म्हणणं, दुसरा गट म्हणतो मुलांची जागा घ्यायची नाही. नुसती भांडणं होत होती म्हणून मीच सुचवलं की आधी ५० घरांना विचारून अंदाज तरी घेऊ. ८४० फ्लॅटचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहिले, स्टीलच्या पिंपात टाकले, चांगले ढवळले आणि सगळ्यांसमोर ५० चिठ्ठ्या काढल्या. त्या घरी जाऊन विचारलं. ३१ घरं पार्किंगला हो म्हणाली, म्हणजे ६२ टक्के.

दुसऱ्या गटाने सांगितलं आम्हाला मान्य नाही, आम्ही आमचा वेगळा करतो. आमच्या चिठ्ठ्या परत पिंपात टाकल्या आणि त्यातूनच त्यांनी ५० काढल्या, मी स्वतः तिथे उभी होते, काढताना काहीही गडबड नव्हती. त्यांचं आलं २४ हो, म्हणजे ४८ टक्के.

झालं, ग्रुपवर राडा सुरू. आमच्या घरी दोन गाड्या आहेत म्हणून मी आकडे फिरवले असं एकाने सरळ लिहिलंय. मी रविवारची अख्खी सकाळ जिने चढउतार करून प्रत्येक उत्तर पेनाने लिहिलंय हो, त्यामुळे खूप लागलं मनाला. आणि गंमत म्हणजे आमच्या बाजूचे लोक आता त्यांना खोटं म्हणतायत, तेही मला पटत नाही.

मला एवढंच सांगा, चिठ्ठ्या दोन्ही वेळेला नीट काढल्या असतील तर १४ टक्के फरक पडूच कसा शकतो? आणि मग खरा आकडा कुठला धरायचा?

---

कोपरी_पूर्व

ताई तुमच्यावर आरोप केला ते चुकीचंच आहे, पण मला विचाराल तर मूळ घोळ ५० मध्ये आहे. ८४० घरांत ५० म्हणजे ६ टक्के पण होत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे पण इथे प्रत्येक शीत वेगळं शिजलेलं, कोणाकडे तीन गाड्या, कोणाकडे सायकल पण नाही. निदान १० टक्के तरी घ्यायला पाहिजेत, त्याशिवाय सर्वेला काही अर्थ नाही असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं.

---

खारघर_मास्तर

मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, पंधरा वर्षं झाली, आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही सर्वेंचं उत्तर सारखं आलं असतं तरच आश्चर्य होतं. चिठ्ठ्या काढल्या म्हणजे कोण निवडलं जाणार हे नशिबावर सोडलं, मग दुसऱ्यांदा काढल्यावर वेगळी घरं येणार आणि वेगळी घरं आली की बेरीज वेगळी येणार. यात कोणी चुकलं असं होत नाही. फरक पडतो का हा प्रश्नच नाही, किती पडला तर चालतो हा आहे, आणि ते आधीच काढता येतं.

टक्के बाजूला ठेवा, घरं मोजा. ५० च्या सॅम्पलमध्ये एक घर इकडचं तिकडे झालं की आकडा २ टक्क्यांनी हलतो. तुमचे ३१ आणि त्यांचे २४, म्हणजे सगळं भांडण ७ घरांचं आहे. समजा अख्ख्या कॉम्प्लेक्सचं खरं मत ५५ टक्के हो असं आहे. मग ५० घरांत सरासरी साडेसत्तावीस हो निघायला पाहिजेत. तुमच्याकडे साडेतीन जास्त निघाले, त्यांच्याकडे साडेतीन कमी. नुसत्या चिठ्ठीच्या नशिबाने साधारण किती इकडेतिकडे होतं याचं सूत्र आहे: हो चं प्रमाण गुणिले नाही चं प्रमाण, भागिले सॅम्पलमधली घरं, आणि त्याचं वर्गमूळ. ०.५५ गुणिले ०.४५ भागिले ५०, वर्गमूळ काढलं की ०.०७ येतं, म्हणजे ७ टक्के, म्हणजे बरोब्बर साडेतीन घरं. याला आम्ही स्टँडर्ड एरर म्हणतो. अगदी नेहमीच्या हेलकाव्याइतकेच तुम्ही दोघे खऱ्याच्या दोन बाजूंना पडलात, त्याच्याबाहेर काही घडलेलंच नाही.

आता दोन सॅम्पलमधला फरक. दोन्ही हलतात म्हणून फरकाचा हेलकावा मोठा असतो, ७ ला १.४ ने गुणा, जवळजवळ १० टक्के. तुमचा फरक १४. एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने साधारण सहा वेळांत एकदा येतोच, म्हणजे ल्युडोत पहिल्याच फाशाला सहा पडावेत तितका. ल्युडोत सहा पडले म्हणून आपण समोरच्याला चोर म्हणतो का? हे गणित ग्रुपवर टाका खुशाल, माझ्या नावाने टाका.

@कोपरी_पूर्व दादा, १० टक्क्यांचा नियम सगळीकडे ऐकू येतो पण तो खरा नाही. लोकसंख्येच्या किती टक्के विचारले याला फार महत्त्व नसतं, एकूण किती जणांना विचारलं याला असतं. लग्नातला आचारी शंभर लिटरच्या पातेल्यातली आमटी चमचाभर चाखतो आणि आपण घरी चार माणसांची आमटी पण चमचाभरच चाखतो, पातेलं मोठं म्हणून कोणी वाटीभर चाखत नाही, फक्त ढवळलेली पाहिजे. १००० जणांना नीट रँडम विचारलं तर उत्तर ३ टक्के इकडेतिकडे येतं, मग ते २०११ च्या जनगणनेतलं १८ लाखांचं ठाणे असो की अख्खा महाराष्ट्र. उलट १० टक्क्यांचा नियम लावला तर ठाण्यात १ लाख ८० हजार लोकांना विचारावं लागेल.

---

कोपरी_पूर्व

हे नवीन कळलं, थँक्यू सर. पण मग एक शंका, निवडणुकीत एक चॅनल ४२ टक्के सांगतं दुसरं ४४ सांगतं आणि त्यावर तासभर चर्चा चालते, ते पण असंच का?

---

खारघर_मास्तर

हो, तेवढा फरक बहुतेक वेळा सॅम्पलच्या हेलकाव्यातच मावतो. फक्त निवडणुकीच्या पोलमध्ये बाकीच्या चुकाही असतात, लोक खरं सांगत नाहीत, काही जण दारच उघडत नाहीत, त्या या ३ टक्क्यांत धरलेल्या नसतात.

आणि दुसरं, हेलकावा अर्धा करायचा तर सॅम्पल दुप्पट करून भागत नाही, चौपट करावं लागतं. ५० घरांना साधारण १४ टक्के इकडेतिकडे धरा (मघाच्या ७ च्या स्टँडर्ड एररची दुप्पट, शंभरातल्या ९५ वेळा उत्तर तेवढ्यात पडतं), २०० ला ७, ८०० ला साडेतीन. विद्यार्थ्यांना हे सगळ्यात जास्त खटकतं आणि पैसे घालून सर्वे करणाऱ्यांना तर अजूनच.

---

नेरूळची_आई

सर तुमचं वाचून मी आणि माझ्या आठवीतल्या मुलीने काल रात्री प्रयोग केला तो लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. मला सूत्रं जमत नाहीत पण हे डोळ्यांनी बघितलं.

आधी आम्ही डब्यात ३०० राजमा आणि ३०० चवळी मोजून घातली, झाकण लावून हलवली, डोळे मिटून ५० दाणे काढायचे आणि राजमा किती ते लिहायचं. दहा वेळा केलं तर नऊ वेळा राजमा निम्म्याहून जास्त. मुलगी म्हणाली आई हे रँडम नाहीये, राजमा मोठा आहे तो हाताला आधी लागतो आणि डबा हलवला की मोठे दाणे वर येतात. मी बघतच राहिले, मला हे सुचलं नव्हतं.

मग सगळं परत निवडून ठेवलं आणि हिरवे वाटाणे आणि पांढरे वाटाणे घेतले, आकार सारखा, ३००-३००. म्हणजे खरं उत्तर आम्हाला माहीतच आहे, ५० टक्के. प्रत्येक वेळेला ५० काढायचे, हिरवे मोजायचे, परत टाकायचे, ढवळायचे. वीस वेळा केलं, हे घ्या:

२६, २३, २५, २९, २२, २७, २५, १८, २४, २८, २६, ३१, २३, २५, २१, २७, २४, ३०, २२, २६

बरोब्बर २५ फक्त तीनदा आले. आठव्या वेळेला १८, बाराव्या वेळेला ३१. तोच डबा, तेच वाटाणे, तोच हात, आणि एकदा ३६ टक्के तर एकदा ६२ टक्के. ताई तुमचा तर १४ चाच फरक आहे, आमच्या डब्याने २६ चा दाखवला आणि वाटाण्यांवर तर कोणी आरोप पण करू शकत नाही. वीसचीही सरासरी काढली मुलीने, २५.१ आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ना ते बघून मला खूप भारी वाटलं.

तुमच्या क्लब हाउसमध्ये सगळ्यांसमोर हे करून दाखवा, अर्धा तास लागतो.

---

निवृत्त_बेलापूर

नेरूळच्या ताईंच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. राजमा आणि वाटाणे या दोन डब्यांत तिने जे पाहिलं ते शिकायला मला नोकरीतली पहिली काही वर्षं लागली.

मी राज्य सरकारच्या सांख्यिकी खात्यात होतो, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कामासाठी वही घेऊन गावोगाव फिरलोय. घोडबंदरच्या ताई, तुमच्या दोन गटांनी भांडणाच्या भरात जे केलं ते आपल्या देशात मुद्दाम करायची पद्धत आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली, पुढे बंगालमधल्या तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पाहणीने काढायचं काम हाती घेतलं. त्यात ते एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने काढून दोन वेगळ्या तुकड्या पाठवायचे. दोघांचे आकडे वेगळे येणार हे गृहीतच. किती वेगळे आले यावरून आपला अंदाज किती भरवशाचा आहे ते थेट दिसतं, आणि फरक नशिबाच्या हिशोबापेक्षा फारच मोठा निघाला तर एखाद्या तुकडीचं काम तपासायचं. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. आजही तिचा एक केंद्राचा नमुना असतो आणि एक राज्याचा, आम्ही राज्याचा करायचो. तेव्हा तुमच्याकडे दोन आकडे आहेत ही चांगली गोष्ट समजा, एकच ६२ असता तर तुम्ही तो डोळे झाकून खरा धरला असता.

पण राजम्याचं विसरू नका. नशिबाचा हेलकावा नमुना वाढवला की कमी होतो, राजम्याची चूक होत नाही, दहा हजार वेळा हात घातला तरी राजमाच जास्त येणार. १९३६ साली अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट मासिकाने साधारण एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार सांगितलं आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. त्यांची नावं बरीचशी टेलिफोनच्या आणि मोटारींच्या यादीतली होती, आणि भरून परत पाठवायची तसदी घेणारेही ठरावीक लोक. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सुखात्मे, त्यांनीही शेतातल्या पीककापणीत (शेताचा एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढतात ती) हेच दाखवलं होतं. कापणीचा तुकडा फार लहान घेतला की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. असे लहान तुकडे कितीही वाढवले तरी ते जास्तच दिसत राहतं. यावरून त्यांचे आणि महालनोबिस यांचे मोठे मतभेद झाले होते.

म्हणून मला तुम्हाला दोन प्रश्न विचारायचेत. तुमची पाहणी कुठल्या वारी, किती वाजता झाली आणि त्यांची कधी? आणि चिठ्ठीतलं घर बंद असलं तर काय केलंत?

---

घोडबंदर_सी_विंग

काका तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला, कारण हे आम्ही कोणीच लिहून ठेवलं नव्हतं.

आमचा सर्वे रविवारी सकाळी झाला. ५ घरं बंद होती, संध्याकाळी परत गेलो तर २ भेटली, उरलेल्या ३ च्या बदली शेजारच्यांना विचारलं. ते चालत नाही हे मला आत्ता समजतंय.

दुसऱ्या गटाचं माहीत नव्हतं म्हणून काल मी सरळ त्यांच्यातल्या एका काकूंच्या घरी गेले. सुरुवातीला जरा अवघड झालं दोघींना, पण नेरूळच्या ताईंचे वाटाण्याचे आकडे मोबाइलवर दाखवले तेव्हा त्या मोकळ्या झाल्या, चहा केला आणि त्यांच्या वहीची पानंच माझ्यासमोर ठेवली. त्यांनी बुधवारी संध्याकाळी ५ ते ७ मध्ये केला. १४ घरं बंद. त्या १४ च्या बदली शेजारचा जो फ्लॅट उघडा असेल त्यांना विचारलं, अगदी चांगल्या मनाने, ५० पूर्ण व्हायला पाहिजेत म्हणून.

आम्ही दोघींनी बसून वेगळं मोजलं. चिठ्ठीत आलेली जी ३६ घरं खरंच भेटली त्यात १९ हो, म्हणजे ५३ टक्के. शेजारच्या १४ मध्ये फक्त ५ हो. बुधवारी पाच वाजता आमच्याकडे घरी कोण असतं, आजीआजोबा आणि लहान मुलांच्या आया. गाडीवाले तर तेव्हा ऑफिसात नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये. काकूच म्हणाल्या, अगं आम्ही राजमाच उचलला की.

मग आता त्यांचा सर्वे चुकीचा आणि आमचा बरोबर असं धरायचं का?

---

खारघर_मास्तर

थांबा थांबा, इथे घाई करू नका. १४ घरांत ५ हो हे कमी दिसतंय खरं, पण १४ चं सॅम्पल ५० पेक्षाही जास्त हलतं, स्टँडर्ड एरर १३ टक्क्यांच्या आसपास जाते. तेव्हा त्या ५ वरून वेळेमुळेच आकडा खाली गेला असं सिद्ध होत नाही. वेळेचा परिणाम असेलही, तुमचं कारण पटण्यासारखं आहे, पण हे आकडे त्याचा पुरावा म्हणून पुरेसे नाहीत. आणि तुमच्या रविवारचाही काही कल असू शकतो की, सकाळी गावी गेलेले, मुलांच्या क्लासला गेलेले लोक सुटले असतील.

खरा आकडा कुठला हा तुमचा पहिल्या पोस्टमधला प्रश्न राहिला होता. दोन्ही एकत्र केले तर १०० पैकी ५५ हो. पण त्यालाही १० टक्के इकडेतिकडे आहेच, म्हणजे ४५ ते ६५ मध्ये कुठेतरी. बहुमत पार्किंगच्या बाजूने आहे असं त्यावरून म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. तुम्हाला ५ टक्क्यांच्या आत उत्तर हवं असेल तर ८४० घरांसाठी साधारण २६५ घरं लागतील. कॉम्प्लेक्स लहान आहे म्हणून थोडं कमी लागतं, नाहीतर ३८५ लागली असती.

---

कोपरी_पूर्व

२६५ घरं फिरायची तर मग सगळ्या ८४० नाच फॉर्म दिलेला काय वाईट? सिक्युरिटीवाला डाकेबरोबर देईल.

---

निवृत्त_बेलापूर

देता येईल, पण फॉर्म भरून परत कोण आणतं ते बघा. ज्यांचं मत टोकाचं ते पहिल्या दिवशी आणतील, बाकीच्यांचे फॉर्म फ्रिजवर पडून राहतील, आणि ८४० पैकी २०० आले तर तुम्ही लिटररी डायजेस्टच्या वाटेवर आहात. चिठ्ठीने काढलेली १०० घरं जिद्दीने गाठणं हे आपणहून आलेल्या २०० फॉर्मपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं. आमच्या वेळी साहेब सांगायचे, बंद दाराला तीनदा जा, वेगळ्या वेळेला जा, शेजारी जाऊ नका.

शेवटचा निर्णय तसाही सर्वसाधारण सभेतच होणार. पाहणी ही सभेआधी एकमेकांची तोंडं बघता यावीत म्हणून.

अजून एक. हार्बर लाइनवर गोवंडीला आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम तिथून चालतं. २०१९ ते २१ च्या पाहणीत ६ लाख ३६ हजारांवर घरं होती. एवढी प्रचंड पाहणी, पण तिच्या तक्त्यांमध्ये एखाद्या गटात २५ ते ४९ च जण असतील तर तो आकडा कंसात छापतात, आणि २५ पेक्षा कमी असतील तर आकडा छापतच नाहीत, तिथे फक्त * अशी खूण. तुमच्या १४ शेजाऱ्यांच्या आकड्याचं काय करायचं ते यावरून ठरवा.

---

घोडबंदर_सी_विंग

काका, सर, खूप खूप आभार. मी आणि काकूंनी ठरवलंय, त्यांच्या यादीतली १४ बंद घरं आणि आमची ३, अशी १७ घरं आम्ही दोघी मिळून गाठणार, एकदा कामाच्या दिवशी रात्री साडेआठनंतर, एकदा शनिवारी, एकदा रविवारी. शेजाऱ्यांची उत्तरं काढून टाकणार. दोन्ही गटांच्या नावाने एकच कागद ग्रुपवर टाकायचा आणि त्यात ५५ च्या आसपास जे काही येईल त्याच्या पुढे १० टक्के इकडेतिकडे हे पण ठळक लिहायचं. नेरूळच्या ताई, शनिवारी क्लब हाउसमध्ये वाटाणे पण आहेत, हिरवे-पांढरे आणून ठेवलेत.

फक्त एक विचारायचं राहिलं. तिसऱ्यांदा जाऊनही दार बंदच असलं तर? बी विंगमधले दोन फ्लॅट बहुतेक रिकामेच आहेत, मालक बाहेरगावी असतात.

---

निवृत्त_बेलापूर

तर समोर "भेटले नाहीत" लिहा आणि तो आकडाही कागदावर दाखवा. १०० घरं निवडली, इतकी भेटली, इतकी नाही. मालकाचा फोन नंबर ऑफिसात मिळाला तर फोन करून विचारा, ते चालतं, पण प्रश्न शब्दशः तोच वाचा जो दारात वाचलात. आणि दोघींनी आपापल्या वहीत वेगवेगळं लिहा, रात्री जुळवून बघा.